साधी वायर जोडू नका, आधी ओहम मोजा

उंदरानं कुरतडलेल्या कॅन वायरला (गाडीतली कंट्रोल युनिट्स एकमेकांना संदेश पाठवतात ती पीळ दिलेल्या दोन वायरींची जोडी) घरातली साधी वायर जोडली तर चालेल का, असं एकानं विचारलंय. नका जोडू. गाडी चालू होईल, पण चेक इंजिनचा दिवा मधूनच लागत राहील.

त्या दोन वायरींचा पीळ शोभेचा नाही. निवांत असताना दोन्हींवर अडीच व्होल्ट. संदेश जाताना एक साडेतीनवर, दुसरी दीडवर. कंट्रोल युनिट फक्त फरक वाचतं. पिळामुळं अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) विजेचा गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो, फरक तोच राहतो. म्हणून जोडताना पीळ चार-पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त सुटू देऊ नका आणि दोन्ही सांधे समोरासमोर घेऊ नका.

त्याआधी बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (डॅशबोर्डखालचं, स्कॅनर लावायचं सॉकेट) ६ आणि १४ नंबर पिनांमध्ये मल्टिमीटरनं ओहम, म्हणजे रोध, मोजा. बहुतेक गाड्यांत ६० यायला हवेत, कारण दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर समांतर असतात. १२० आले तर लाईन कुठंतरी तुटलीय. शून्याजवळ आले तर शॉर्ट.

आमच्या लातूरकडं सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी लावली की हा प्रकार हमखास होतो. मागच्या हंगामात एका पिकअपला नवा ईसीयू (इंजिनचं कंट्रोल युनिट) घ्यायला सांगितलं होतं. मीटरवर १२० दिसले, सीटखाली एक वायर तुटलेली निघाली. ईसीयू बदलण्याआधी एवढं नक्की तपासा.