पार्टनर गेल्यावर... आपापले अनुभव लिहा

दुपट्टेवाला
आज मोर्शीकडं एक बगीचा पाहायला गेलो. संत्रा, आंबिया बहार. शेतकरीबुवांनी खाटेवर बसवलं न् विचारलं, "ते दुसरे भाऊ नाही आले?" त्यायले ठाऊकच नव्हतं.
भाव करायचा तो, हिशेब माझ्याकडं. दोन-चार झाडांखाली थांबून फळ अंगठ्यानं दाबायचा, साल सुटली असली की तोंड वाकडं. बुवा जास्त मागू लागले की दुपट्टा झटकून दुसऱ्या खांद्यावर. म्हणजे मी उठायचं, गाडीची किल्ली काढायची. फाटकापर्यंत माणूस मागं यायचा राजेहो! आज भाव जास्तच होता, पण उठावं कधी तेच समजेना. चहा पिऊन आलो.
तुमचेही असतील असे. लिहा.

तुरीच्या_शेंगा
बांगलादेशानं आयात शुल्क वाढवल्यापासून संत्र्यात भाव करायले उरलं काय भाऊ. पण दुपट्ट्याची आयडिया जबरी.

कृषीकेंद्रवाला
वणीजवळ आमचं बी-बियाण्याचं दुकान. उधारी पार्टनर लिहायचा. वहीत नाव एकाचं नाही, नुसत्या खुणा. 'लाल टोपी'. 'म्हशीवाले काका'. 'ढेकर गुरुजी'. गेला तो ऐन पेरणीच्या तोंडावर. वही माझ्यासमोर न् माणूस एक कळेना. तेरवीला एक म्हातारे आले, जेवले, हात धुतले, मले बाजूला घेतलं. "लाल टोपी म्हंजे मी. कापूस निघाला का देतो." दिले बरं का, चुकारा जमा झाला त्याच हप्त्यात. म्हशीवालेही आले. ढेकर गुरुजी तेवढे बाकी आहेत. कुठंही पंगतीत बसलो का कान देऊन असतो.

तुरीच्या_शेंगा
गुरुजींनी गोळी सुरू केली असंन 😂

शेवयावाली
मी न् माझी मैत्रीण बचत गटातून शेवया-कुरडया करायचो. गव्हाचा चीक ढवळायला तीच. गाठ होऊ द्यायची नाही, हात दुखला तरी चाटू मले द्यायची नाही. "तू पैसे मोज" म्हणे. मागच्या उन्हाळ्यात एकटीनं केल्या तर... थांबा, कुकर लावलाय, लिहिते.

कर_वकील
अवांतर, पण कामाचं. भागीदारी कायदा १९३२, कलम ४२. करारात वेगळं लिहिलं नसेल तर भागीदार वारला की फर्म विसर्जित. दोघांचीच असेल तर करारात काहीही लिहा, एकट्याची भागीदारी होत नाही. वारसाला घेऊन नवा करार करा, नाहीतर स्वतःच्या नावानं धंदा करा. बियाण्याचा परवाना कोणाच्या नावावर आहे तेही पाहा. आणि कृषीकेंद्रवाले भाऊ, त्या उधारीत घरच्यांचाही वाटा आहे.

कृषीकेंद्रवाला
हो जी, पोराले दिला. परवाना माह्याच नावावर होता म्हणून निभलं.

दुपट्टेवाला
आमचा कागद कुठला वकीलसाहेब, सगळं तोंडी. वहिनींकडं निम्मा वाटा जाते अजून. त्या घेत नाहीत, मग मी त्यांच्या सासऱ्यांजवळ देतो. कायद्यात कसं बसवायचं ते तुम्ही पाहा.

कर_वकील
तोंडी भागीदारीही चालते. पण वाटा रोख देऊ नका, खात्यात टाका.

पऱ्हाटी
शेवयावाली ताई, कुकर झाला का? कुरडयांचं काय झालं?

शेवयावाली
पाहुणे आले हो. कुरडया फसल्या, चिकात गाठी. गव्हू किती दिवस भिजवता तुम्ही?

पऱ्हाटी
तीन. पाणी रोज बदलायचं.