आयईएलटीएस स्पीकिंग: सायकलचा प्रश्न आला की माझं उत्तर एका वाक्यात संपतं

निळी_शाई:
पुढच्या महिन्यात आयईएलटीएस (इंग्लिशची परीक्षा) आहे. स्पीकिंगच्या पार्ट वनची, म्हणजे स्वतःबद्दलच्या साध्या प्रश्नांची, प्रॅक्टिस करताना सायकलचा टॉपिक आला आणि मी तिथेच अडकले. लहानपणी सायकल होती का? येस, आय हॅड. आता चालवता का? नो, आय डोन्ट. संपलं!! मराठीत विचारलं तर अर्धा तास बोलेन पण इंग्लिशमध्ये पुढे काही सुचतच नाही. नेटवरची बँड नाईनची (सगळ्यात वरच्या गुणांची) उत्तरं पाठ करू का? आणि सायकलचा शोध वगैरे माहिती घातली तर मार्क वाढतात का?

खडूफळा:
पाठ अजिबात करू नका. पाठ केलेलं बोलताना सूर सपाट होतो आणि पुढचा प्रश्न जरा वेगळा आला की भाषा एकदम खाली येते, परीक्षकाला लगेच कळतं. माहितीला मार्क नाहीत. कार्ल द्राइसने १८१७ मध्ये दोन चाकांची गाडी काढली, तिला पेडल नव्हतं, पायाने जमीन ढकलत जायचं, हे सगळं खरंय पण तिथे बघतात फक्त ओघ, शब्दसाठा, व्याकरण आणि उच्चार, चारींना सारखं वजन.
त्यापेक्षा स्वतःची एक आठवण धरा. 'येस, अ रेड वन. इट वॉज माय सिस्टर्स, सो माय फीट बेअरली रीच्ड द पेडल्स.' बस, पार्ट वनला दोन-तीन वाक्यं पुरतात, अख्खा पार्टच ४-५ मिनिटांचा असतो. पूर्वी रोज करायचो ते 'यूज्ड टू'ने सांगा, एकदाच घडलं ते साध्या भूतकाळात, आताचं वर्तमानात. या विषयात तिन्ही आपसूक येतात.

चालता_बोलता:
+१. सायकल 'ड्राइव्ह' नाही करत, 'राइड' करतात. 'माय सायकल गॉट पंक्चर' नको, 'आय हॅड अ पंक्चर' म्हणा. शिकताना मागे लावतात ती छोटी चाकं म्हणजे 'स्टॅबिलायझर्स', अमेरिकन लोक 'ट्रेनिंग व्हील्स' म्हणतात. उच्चार 'बायसिकल', 'बायसायकल' नाही (मोटरसायकलमध्ये मात्र सायकलच). आणि व्हील म्हणताना ओठ गोल करा, वरचे दात खालच्या ओठाला लागले की तो वासराच्या मांसाचा शब्द (veal) होतो, आपल्या मराठी लोकांची ही नेहमीची चूक.

निळी_शाई:
आत्ता मोबाईलवर रेकॉर्ड करून बघितलं. दादाने मागून सीट धरली होती आणि मला न सांगता सोडली, ते सांगायला गेले तर 'सोडली'ला शब्दच सापडेना, 'लेफ्ट द सीट' म्हटलं, ते चुकीचं वाटलं.

खडूफळा:
चुकीचंच आहे, त्याचा अर्थ तो सीटवरून उठला. 'ही लेट गो ऑफ द सीट विदाउट टेलिंग मी.' आता पुढे काय झालं ते सांगा, पडलात की गेलात?