'हेरिटेबिलिटी'ला मराठीत काय म्हणायचं?

खाडाखोड : एका मोठ्या आंतरराष्ट्रीय आरोग्य-अभ्यासाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. लोकांनी वाचून खाली सही करायची आहे, म्हणजे भाषा सोपी हवी. त्यात एक वाक्य आहे की उंचीची हेरिटेबिलिटी साधारण 80 टक्के असते. मी लिहिलं, 'उंची 80 टक्के आनुवंशिक असते'. तपासणाऱ्यांनी लाल शेरा मारला, 'अर्थ चुकला, दुसरा शब्द शोधा'. कुठला शोधू ते काही सांगितलं नाही. माझ्याकडच्या कोशात हेरेडिटी म्हणजे आनुवंशिकता आणि हेरिटेबिलिटी म्हणजेही आनुवंशिकताच. मग चुकलं कुठे आणि लिहू काय?

पाचर : काही चुकलेलं नाही. तपासणाऱ्याला शेरे मारावेच लागतात, नाहीतर तो काम करतोय हे कळणार कसं. खाण तशी माती लिहा, 80 टक्के खाण 20 टक्के माती.

आकडेमोड : शेरा बरोबर आहे हो. तुमचं वाक्य वाचून माणूस काय समजेल? माझी उंची पाच फूट, तर चार फूट आईवडिलांकडून आले आणि वरचा एक फूट खाण्यापिण्यातून. तसं नाहीये ते. एकट्यादुकट्या माणसाबद्दल हा आकडा काहीच बोलत नाही. हजार माणसं उभी केली की कुणी उंच कुणी बुटकं दिसतं, त्या उंचसखलपणातला किती भाग त्यांच्या जनुकांतल्या फरकामुळे आहे एवढंच तो सांगतो, आणि तेही त्याच लोकांपुरतं, त्याच काळापुरतं. हाताची बोटं घ्या. पाच बोटं येतात ती जनुकांमुळेच, पण ज्यांना चार दिसतात त्यातल्या बऱ्याच जणांचं एक यंत्रात नाहीतर अपघातात गेलेलं असतं, म्हणजे माणसामाणसांतला फरक बहुतेक अपघातांमुळे. म्हणून बोटांच्या संख्येची हेरिटेबिलिटी जवळपास शून्य. आता तुमच्या पद्धतीनं लिहून बघा, 'हाताची बोटं शून्य टक्के आनुवंशिक असतात'. वाचणारा हसेल.

खाडाखोड : अरे बापरे. हे कळलं, पण आता वाक्य आणखीच अवघड झालं.

वेलांटी : विषयांतराबद्दल माफी, पण कुणीतरी 'आनुवंशिक' बरोबर लिहिलेलं बघून डोळे निवले. जिथे बघावं तिथे 'अनुवांशिक'. अनुवंशला इक लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, समाजचं सामाजिक, शरीरचं शारीरिक, तसं अनुवंशचं आनुवंशिक. मधल्या 'व'ला काना कुणी दिला?

पाचर : लोकांनी दिला. मी जन्मात कुणाच्या तोंडून 'आनुवंशिक' ऐकलेलं नाही, डॉक्टर 'अनुवांशिक' म्हणतात, बातम्यांत 'अनुवांशिक' येतं. लोकांच्या तोंडी जे बसलं ते बरोबर, व्याकरण मागून येतं धापा टाकत.

वेलांटी : उद्या लोक 'समाजीक' म्हणायला लागले की तेही बरोबर का? आणि ते माहितीपत्रक छापलं जाणार आहे, तोंडी नाहीये.

पाचर : ज्याला समजायचं त्याला दोन्ही समजतात. काना कुठेही असला तरी मधुमेह काही थांबत नाही.

जुना चष्मा : वंश म्हणजे मुळात बांबू हे इथे किती जणांना ठाऊक आहे? पेरावर पेर चढतं तशी पिढीवर पिढी, म्हणून कुळाला वंश. फार सुंदर प्रतिमा आहे ती आणि आपण तिचा 'आनुवंशिकता गुणांक' करून टाकला. बरं, वेगळे शब्दही होते आपल्याकडे. चरक प्रमेहाच्या संदर्भात 'कुलज विकार' म्हणतो. सुश्रुत तर त्याहून बारीक बघतो, आईबापांच्या बीजातल्या दोषातून येतात ते 'आदिबलप्रवृत्त' आणि गर्भात असताना आईमुळे होतात ते 'जन्मबलप्रवृत्त'. आज सुशिक्षित माणूससुद्धा जन्मजात आणि आनुवंशिक एकच समजतो.

पाचर : 'आपली उंची 80 टक्के आदिबलप्रवृत्त आहे.' करा सही.

मधलीसुट्टी : चष्माकाकांचा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. मी जनुकीय समुपदेशनात आहे आणि रोज याच गुंत्याशी गाठ पडते. माझा नियम असा, जेनेटिक म्हणजे जनुकीय आणि हेरेडिटरी म्हणजे आनुवंशिक, या दोघांची अदलाबदल करायची नाही. कॅन्सर जवळजवळ नेहमी जनुकीय असतो, पेशीतल्या जनुकांत बिघाड झाल्याशिवाय तो होतच नाही, पण हे बिघाड बहुतेक वेळा जन्मानंतर त्या त्या अवयवात झालेले असतात, पुढच्या पिढीत जात नाहीत. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक, बीआरसीए जनुकं वगैरे त्यातली. 'जनुकीय तपासणी करू' म्हटलं की बायका आधी मुलीचं वय सांगतात, इतकी भीती बसलेली असते त्या एका शब्दाची.

दुसरं म्हणजे आनुवंशिक म्हटलं की लोक ऐकतात 'कपाळावर लिहिलेलं'. फेनिलकीटोन्युरिया पूर्ण आनुवंशिक आजार, दोन्हीकडून सदोष जनुक आलं तरच होतो. रॉबर्ट गथ्री या अमेरिकन संशोधकानं 1960च्या दशकात बाळाच्या टाचेतल्या थेंबभर रक्तावर करायची चाचणी आणली, तेव्हापासून लवकर कळतं, आहारातलं फेनिलॲलनिन (प्रथिनांतला एक घटक) मोजूनमापून दिलं की मेंदूचं नुकसान टळतं. जनुक तेच राहतं.

आकडेमोड : हाच तर मुद्दा. उंचीचंही तेच, दक्षिण कोरियात 1896 साली जन्मलेल्या आणि 1996 साली जन्मलेल्या बायकांच्या सरासरी उंचीत 20 सेंटिमीटरचा फरक आहे. एवढ्यात जनुकं बदलत नाहीत, खाणं आणि बालपणीची आजारपणं बदलली. ते 80 टक्केही खरे आणि हे 20 सेंटिमीटरही खरे, आणि दोन्ही एका वाक्यात मांडले की लोक म्हणतात तुम्ही गोंधळ घालताय. म्हणून शब्दात 'फरक' यायलाच हवा. मी 'फरकातला आनुवंशिक वाटा' म्हणेन.

खाडाखोड : वाटा आवडला! पण तपासणारे म्हणतील एका शब्दाचे तीन झाले. 'आनुवंशिकता-प्रमाण' कसं वाटतं?

वेलांटी : कागदावर ठीक. 'अनुवंशक्षमता' पण वाचलंय कुठेतरी, ते नको, क्षमता कुणाची?

जुना चष्मा : वाटा म्हटलं की भावाभावांचं भांडण आठवतं.

पाचर : बाकी त्या अभ्यासाला मराठीत म्हणणार काय ते आधी ठरवा. एपिडेमिऑलॉजी, म्हणजे कुठला आजार कुणाला का होतो हे लोकसमूहात बघणारं शास्त्र, त्याला साथरोगशास्त्रच म्हणतात ना? उंचीची साथ आलीय का?

खाडाखोड : 😀 शीर्षकात तेच लिहिलंय मी, 'जनुकीय साथरोगशास्त्र', कारण सगळीकडे तेच दिसलं. 'रोगपरिस्थितीविज्ञान' पण सापडलं, पण ते वाचता वाचता धाप लागते.

जुना चष्मा : ग्रीकमध्ये एपि म्हणजे वर आणि देमोस म्हणजे लोक. लोकांवर जे येतं ते. त्यात संसर्ग कुठेच नाही, साथ आपण घुसवली. चरकाच्या विमानस्थानात एक अख्खा अध्याय आहे जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे मुलुखच्या मुलुख उद्ध्वस्त होण्याचा. वेगवेगळ्या प्रकृतीची, वेगळं खाणारी माणसं एकाच वेळी एकाच रोगानं का मरतात, असा तिथे प्रश्न आहे, आणि उत्तर काय, तर सगळ्यांना सामाईक असलेल्या चार गोष्टी बिघडतात, वायू, उदक, देश, काळ. हिंदीवाल्यांनी त्यावरूनच 'जानपदिक रोगविज्ञान' घेतलं, आपण साथीत अडकलो.

आकडेमोड : प्रश्न झकास आहे, पण आमच्या जनुकीय शाखेचा प्रश्न बरोबर उलटा. वारा पाणी सगळ्यांना तेच, तरी एकालाच का होतो?

मधलीसुट्टी : खाडाखोड, त्या पत्रकात 'कॅरिअर', म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेला पण स्वतः आजारी नसलेला माणूस, असं आलं असेल तर तिथे 'वाहक' लिहिण्याआधी थांबा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीनंतर एका बाईंना सांगितलं, तुम्ही वाहक आहात, तुम्हाला आजार नाही. पुढच्या वेळी आल्या तर म्हणाल्या आठवडाभर लेकराला जवळ झोपवलं नाही, त्याला लागेल म्हणून. त्यांना वाहक म्हणजे डास माहीत होता! शाळेत आपणच शिकवतो ना, डास हा मलेरियाचा वाहक. आणि गंमत बघा, सिकलसेलचं जनुक एकाच बाजूनं आलेल्यांना गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, ॲलिसन या संशोधकानं 1954मध्ये पूर्व आफ्रिकेतून हे दाखवलं. आता ते मराठीत लिहा, 'वाहकांना वाहकामुळे होणाऱ्या रोगापासून संरक्षण मिळते'.

पाचर : आणि तिकीट फाडतो तोही वाहकच.

खाडाखोड : आलंय ना, तीनदा आलंय 😟 मग काय म्हणता तुम्ही?

मधलीसुट्टी : मी तोंडी 'एकेरी' आणि 'दुहेरी' म्हणते. एकेरी म्हणजे एकाकडूनच आलेलं, त्रास सहसा नाही, दुहेरी म्हणजे दोघांकडून, मग आजार. लगेच समजतं. कुठल्याही कोशात नाही पण.

वेलांटी : एकेरी चांगलाय! पण 'अरेतुरे'चं एकेरी डोक्यात येतं.

आकडेमोड : आता विषय निघालाच आहे तर 'कोहॉर्ट'चं काय केलंत? यूके बायोबँकसारख्या अभ्यासात 40 ते 69 वयाची 5 लाख माणसं घेऊन वर्षानुवर्षं त्यांची तब्येत बघतात, त्याला नुसतं 'गट' म्हटलं की पाठपुरावा दिसत नाही.

जुना चष्मा : कोहॉर्ट ही रोमन सैन्यातली तुकडी, दहा कोहॉर्ट मिळून एक लीजन. मराठीत तुकडी सैन्यातही असते आणि शाळेतही, बरोबर आत शिरलेली आणि बरोबर पुढे सरकणारी मुलं. याहून नेमका शब्द मिळणार नाही.

पाचर : चष्माकाका, आज पहिल्यांदा पटलं तुमचं.

वेलांटी : मलाही. फक्त 5 लाखांची तुकडी जरा मोठी वाटते.

मधलीसुट्टी : आणि रिस्कला 'धोका' लिहू नका, हिंदीच्या सवयीनं लोक फसवणूक समजतात. सहीच्या कागदावर फसवणूक! जोखीम लिहा.

पाचर : धोका मराठीत धोकाच आहे, हिंदी ऐकतो म्हणून आपण आपले शब्द सोडायचे? 'धोक्याचे वळण' पाटी वाचून कुणाला वाटतं का वळण फसवणार आहे?

मधलीसुट्टी : पाटीखाली सही नसते करायची.

खाडाखोड : सगळ्यांचं ऐकून शेवटी असं लिहिलंय, बघा. 'लोकांच्या उंचीत जो फरक दिसतो त्यातला साधारण 80 टक्के फरक त्यांच्या जनुकांतल्या फरकामुळे असतो.' शब्द मिळाला नाही, वाक्य मिळालं. चालेल का?

आकडेमोड : चालेल, पळेल. फक्त 'या अभ्यासांतल्या लोकांमध्ये' एवढं पुढे जोडा.

वेलांटी : एका वाक्यात तीन वेळा फरक. मधल्याला 'तफावत' करा.

जुना चष्मा : तफावत अरबी आहे.

पाचर : फरकही अरबीच आहे काका.

जुना चष्मा : म्हणूनच म्हणतो, 'भेद' घ्या. जनुकभेद. सुटसुटीत आहे.

मधलीसुट्टी : जनुकभेद वाचून लोक पेन खाली ठेवतील. तो शब्द वर्णभेद, जातिभेदाच्या रांगेत जाऊन बसतो.

खाडाखोड : फरकच ठेवते, तीनही. उद्या सकाळपर्यंतची मुदत आहे हो.

पाचर : मुदतही अरबीच.