नॉक अप : अर्थ एवढा साधा नाही

इंग्रजीतला 'नॉक अप' (knock up) म्हणजे दार ठोठावून कुणाला तरी झोपेतून उठवणं, बास, असं कुणी सांगेल. अर्थ बरोबर आहे पण तो जुना ब्रिटिश, आणि आता तिकडेही तसा कमीच ऐकू येतो. अमेरिकेत हेच बोललात तर समोरचा एकतर हसेल नाहीतर गप्प होईल, कारण तिथे त्याचा अर्थ बाईला गरोदर करणं, आणि तेही बहुतेक वेळा न ठरवता. शब्द तसा असभ्यच, चारचौघांत वापरायचा नाही. मी एका कॉलवर मोठ्या ऐटीत 'सकाळी सहाला मला नॉक अप कर' म्हणालो होतो, पलीकडे पाच सेकंद शांतता, मग जो हशा पिकला तो अजून आठवतो!

पण 'उठवणं' हा अर्थ हवेतून आलेला नाही. गजराची घड्याळं घरोघरी नव्हती तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांच्या गावांत लोकांना शिफ्टसाठी उठवायला पैसे घेऊन माणसं फिरायची, लांब काठीने वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करायची, त्यांना 'नॉकर-अप' म्हणायचे. शिवाय ब्रिटिश इंग्रजीत घाईघाईत जेवण बनवलं तरी 'नॉक अप', टेनिसमध्ये मॅचआधी हात मोकळा करायला चेंडू मारले तरी 'नॉक अप'. तेव्हा मागे कर्म काय आलंय ते आधी बघा, जेवण असेल तर बिनधास्त वापरा, माणूस असेल तर सरळ 'वेक अप' म्हणा.