शब्दचर्चा: बायबलमधला 'फ्थोरा' आणि आपलं 'नासणं'

१६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये पौल या प्रेषिताच्या पत्रात एक ओळ आहे, मेलेलं शरीर 'करप्शन'मध्ये पेरलं जातं आणि 'इनकरप्शन'मध्ये उठतं. पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे थेट टेबलाखालचं पाकीट आलं. भ्रष्टाचारात पेरतात म्हणजे काय हो? मूळ ग्रीक शब्द कोणता, आणि मराठीत नेमकं काय म्हणायचं? जाणकारांनी सांगा प्लीज.

---

शब्द फ्थोरा, क्रियापद फ्थेइरो. लाचबिच काही नाही त्यात, मूळ अर्थ नासणं, कुजणं, झिजून संपणं. तुमची ओळ १ करिंथ १५:४२ (पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, अध्याय १५, वचन ४२), तिथे पौल बियाण्याचं उदाहरण देतोय, पेरलेलं मेल्याशिवाय जिवंत होत नाही हे त्याने जरा आधीच सांगितलंय, म्हणजे देह मातीत जातो तो नासणारा आणि उठतो तो न नासणारा, एवढं साधं आहे ते. मराठी बायबलात 'विनाशीपण' येतं, चूक नाही, पण मला ते जरा सोवळ्यातलं वाटतं. ॲरिस्टॉटलचा एक अख्खा ग्रंथ आहे, वस्तू उपजतात कशा आणि नष्ट होतात कशा यावर, त्याच्या नावातही हाच फ्थोरा. लॅटिनवाल्यांनी त्याचं कोरुप्तियो केलं, तिथून इंग्रजीत करप्शन, आणि १६११ मध्ये त्या शब्दाला कुजण्याचा वास होता, तो आता उडालाय.

नव्या करारात हा शब्द ९ वेळा येतो. २ पेत्र, म्हणजे पेत्राचं दुसरं पत्र, त्याच्या २:१२ मध्ये तर जनावरांबद्दल आहे, पकडून मारली जाण्यासाठीच जन्मलेली म्हणून. आता बैल काय लाच खाणार?

---

अहो पण त्याच पत्रात १:४ ला वासनेमुळे जगात आलेला फ्थोरा म्हटलंय, तिथे नैतिक अर्थ आहेच की. सगळंच कुजण्यावर ढकलू नका.

---

मान्य, एकदम मान्य. म्हणून तर मला 'नासणं' आवडतं. आमची आजी दूध नासलं आणि अमक्याचं पोरगं नासलं हे दोन्ही एकाच सुरात म्हणायची, पातेलं कलंडून दाखवायची तेवढाच काय तो फरक 😄 ग्रीकमध्येही तसंच. १ करिंथ १५:३३, वाईट संगत चांगल्या सवयी 'फ्थेइरो' करते (ही ओळ मुळात मेनांदर या नाटककाराची मानतात), म्हणजे आपला आढीतला नासका आंबाच झाला ना. पण ३:१७ ला माझी गाडी अडते. देवाचं मंदिर जो फ्थेइरो करेल त्याला देव फ्थेइरो करेल, क्रियापद तेच दोनदा, आणि मराठीत 'देव नासवेल' कानाला कसंतरीच लागतं. तिथे मुकाट्याने 'नाश करेल'.

---

दियाफ्थोरा राहिला की, फ्थोराचाच भाऊबंद. प्रेषितांची कृत्ये २:२७, देव आपल्या पवित्र पुरुषाला 'कुजण्याचा अनुभव' येऊ देणार नाही. मूळ दावीदाच्या स्तोत्र १६ मधलं, हिब्रू शब्द शाहथ, ज्याचा अर्थ खड्डा असाही होतो, ग्रीक भाषांतरकारांनी कुजणं घेतलं आणि पेत्राचं सगळं भाषण त्यावरच उभं आहे: दावीद मेला, पुरला, त्याची कबर आजही आपल्यात आहे, म्हणजे तो कुजला, मग ही ओळ त्याच्याबद्दल नाहीच, येशूबद्दल आहे. 'खड्डा' घेतला असता तर हा युक्तिवाद एवढा घट्ट बसला नसता.

आणि धागाकर्त्यांचं पाकीट इथे सापडतं बघा! आजच्या ग्रीकमध्ये सरकारी भ्रष्टाचाराला दियाफ्थोराच म्हणतात, आणि नुसता फ्थोरा म्हणजे झीज, गाडीचा टायर झिजतो ती.

---

मग मत्तय ६:१९ मधली, पृथ्वीवर साठवलेलं धन खाऊन टाकणारी कसर (कपड्यातली कीड) आणि जंग? इंग्रजीत तिथेही 'करप्ट' आहे.

---

तिथे फसू नका, क्रियापद वेगळंच आहे, आफानिझो, म्हणजे दिसेनासं करणं. लूक १२:३३ ला मात्र कसर खरोखरच दियाफ्थेइरो करते.