करवल्यांच्या हातात नुसता पाला? हिरव्या बुकेचे अनुभव सांगा

वाडीवाली, वसई

भाचीचं लग्न जानेवारीत, पापडीच्या चर्चमध्ये. नाताळाआधीचा आगमन काळ संपला की आमच्याकडे लग्नांची रांगच लागते, म्हणून बुकेवाल्याला आत्ताच सांगायचंय. भाचीचा हट्ट असा की तिच्या हातात पांढरी फुलं आणि चार ब्राइड्समेड्सच्या हातात फक्त हिरवं. फूल एकही नाही. वहिनी म्हणते, "पोरी काय कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन ऑल्टरपर्यंत चालणार?"

मी स्वतः ब्राइड्समेड होते तेव्हा गुलाब आणि भोवती अ‍ॅस्परॅगसची जाळी, वर चंदेरी कागद. रिसेप्शनपर्यंत गुलाबांनी माना टाकल्या. अ‍ॅस्परॅगस टिकेल म्हणावं, तर त्याची सुईसारखी पानं गळून नवरीच्या डोक्यावरच्या व्हेलभर अडकलेली. फोटोंत अजून दिसतात. म्हणून विचारते. कुणी केलंय का असं? काय टिकलं, काय फसलं?

मडगावकर

आमच्याकडे ब्राइड्समेडला धेडी म्हणतात. बहिणीच्या लग्नात मी धेडी होते. मे महिना, घामाच्या धारा. आम्ही लेदरलीफ फर्न, मॉन्स्टेराची लहान पानं आणि मध्ये हिरवी बटण शेवंती घेतली होती. (शेवंती म्हणजे फूलच, पण हिरवं असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.) सकाळच्या मिसापासून (चर्चमधल्या प्रार्थनाविधीपासून) रात्रीच्या शेवटच्या नाचापर्यंत फर्नचं एक टोकसुद्धा वळलं नाही. आणि एक गोष्ट आधी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. लग्नाआधी बहिणीने चुडो भरलेला, त्यातल्या हिरव्या बांगड्या आणि आमचे बुके फोटोत असे जुळले की मावशीला वाटलं, हे ठरवूनच केलंय. आम्ही नाही म्हटलं नाही.

पहाटेची लोकल

दादरच्या फूलबाजारात पहाटे जाऊन स्वतः पाला आणला तर स्वस्त पडतो, पण डोळे उघडे ठेवा. गड्डी वरून ताजी दिसते, आत पिवळी निघते. सुतळी सोडायला लावा.

निलगिरीबद्दल माझी झालेली फजिती सांगते. बुकेत दिसते ती गोल, रुपेरी पानांची निलगिरी वेगळी. मी शहाणपणा करून हायवेच्या कडेच्या झाडाच्या फांद्या आणल्या. ती पानं लांब, कोयत्यासारखी, लोंबती. बुके कसला, केरसुणी झाली! शेवटी बाजारातून गोल पानांची आणली. मग चार बुके, चार मुली आणि काचा बंद केलेली एसी गाडी. चर्चला पोचेपर्यंत सगळ्यांना बाम चोळल्यासारखा वास. नवरीच्या बाबांनी मागे वळून विचारलं, "कुणाला सर्दी झालीय का?"

पुण्याची, सध्या चुपचाप

हिरव्या हायड्रेंजियाच्या, म्हणजे त्या गेंदासारख्या मोठ्या फुलाच्या, नादी लागू नका. दिसतो राजेशाही, पाणी पितो म्हशीसारखा. आमच्या फुलवाल्याने देठांना पाणी न देता नुसती रिबन गुंडाळून पाठवला. मार्केट यार्डातून हॉलवर येईपर्यंत दोन तास गेले आणि तीनही गेंद जुन्या पापडासारखे मऊ. कुणीतरी सांगितलं म्हणून देठ तिरके कापले आणि गेंद उलटे करून बादलीत बुडवून ठेवले. पाऊण तासात दोन उठले. तिसरी मुलगी पर्स धरून चालली.

कराधारी

हा वाद आम्हाला नवा नाही. आमच्याकडे करवली नवरीच्या मागे करा घेऊन उभी राहते. त्यात पाणी, वर नारळ, बाजूने विड्याची पानं. हिरवा बुकेच की तो! फक्त जड. आणि हलला तर पाणी थेट शालूवर.

एडिंबरा

इथल्या मैत्रिणीची ब्राइड्समेड होते. बुके आयव्ही, रोझमेरी आणि मर्टलचा. नवऱ्या मुलाची आजी हळूच म्हणाली, लग्नात हिरवं अशुभ असतं, पऱ्यांचा रंग तो, त्या रागावतात. मी हात पुढे केला. मनगटभर हिरव्या बांगड्या, आईने मुद्दाम पाठवलेल्या. आमच्याकडे नवरीचा मानाचा रंग हाच, म्हटल्यावर आजी खूप वेळ बांगड्याच बघत राहिली.

मर्टलला मात्र तिचीही ना नव्हती. व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नापासून, म्हणजे 1858 पासून, राजघराण्यातल्या वधूंच्या बुकेत मर्टलची डहाळी असते. राणीच्या ऑसबर्न हाउस या घराच्या बागेतली. 2011 साली राजपुत्र विल्यमशी लग्न करताना केटच्या बुकेतही होती. गंमत म्हणजे हे झुडूप आपल्या जांभूळ-पेरूच्या कुळातलं. निलगिरीही त्याच कुळातली. पान चुरडलं की वासावरून पटतं.

फोटोवाला

लग्नांचे फोटो काढतो, तेवढ्यापुरतं बोलतो. हिरवा बुके चर्चच्या पांढऱ्या भिंतीपुढे सुरेख उठून दिसतो. तोच लॉनवर नेला की गायब होतो, मुली नुसत्या पोटाशी हात धरून उभ्या असल्यासारख्या दिसतात. पानांच्या दोन-तीन छटा ठेवा, रुपेरी किंवा पिवळ्या कडेची साँग ऑफ इंडिया नावाची पानं घाला. आणि मुलींना सांगा, बुके बेंबीपाशी धरा. घाबरल्या की सगळ्या हनुवटीखाली नेतात.

नंदाखालची सून

वाडीवाली ताई, वसईत राहून बाजार कशाला? आम्ही सासऱ्यांच्या वाडीतली विड्याची पानं घेतली, तीन-तीनच्या पंख्यात तारेवर ओवून. खाली केळीच्या कोवळ्या पानाची घडी. एकच पथ्य: पानाला नख लागलं की तिथे काळा डाग पडतो, म्हणून बांधणाऱ्या बाईची नखं आधी कापा. आणि देठ पुसून द्या, केळीचा चीक कपड्यावरून जात नाही. आमच्या एका फ्रॉकवर तो अजून आहे. जेवणानंतर दोन काकांनी बुकेतली पानं उपटून चुना मागितला, तेही सांगून ठेवते.

वाडीवाली, वसई

सगळं भाचीला वाचून दाखवलं. निलगिरी बाद, नवऱ्या मुलाला दमा आहे. विड्याची पानं आणि लेदरलीफ ठरतंय, काकांवर लक्ष ठेवायला धाकट्या भावाला बसवलंय. वहिनी अजून कोथिंबीरच म्हणते, पण आता हसत. फक्त काल कळलं की चौघींनी फ्रॉकचं कापड परस्पर शिवायला टाकलंय. बाटलीहिरवं. फोटोवाले दादा, आता काय करू?