उभ्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी उतरते आहे, लवकर मदत हवी

सातारकर_८८
नमस्कार मंडळी. गाडी पोर्चमध्ये नुसती उभी असते आणि बॅटरी उतरते. सर्व्हिस सेंटरला दाखवली, "एकही एरर नाही, नॉर्मल आहे" म्हणून परत पाठवली. गेल्या आठवड्यात तर गाडी उघडेचना. शुक्रवारी आईला डोळे दाखवायला पुण्याला न्यायचं आहे, घाटात बंद पडली तर काय करू? कोणाला हा त्रास झाला असेल तर काय केलंत तेवढं सांगा. चार्जिंग कसं करावं वगैरे सल्ले नकोत.

मल्टीमीटर
कुठली बॅटरी? गाडीत दोन असतात. एक चाकं फिरवणारी मोठी, दुसरी बारा व्होल्टची लहान. कुलूप, स्क्रीन, कॉम्प्युटर सगळं लहानीवर चालतं. गाडी कुठली, किती वर्षं झाली, किती टक्के, किती दिवसांत?

सातारकर_८८
मोठीच हो. ऍपवर टक्के कमी होतात ना. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

विदर्भातलं_ऊन
उन्हामुळे होतं. आमच्याकडे नागपुरात मे महिन्यात गाडीला हात लावता येत नाही. पोर्चवर हिरवी नेट बांधा आणि काचांना सनशेड लावा. मी तेच केलं, फरक पडला.

मल्टीमीटर
उन्हाने बॅटरीचं आयुष्य कमी होतं हे खरं. पण लिथियमची बॅटरी आपोआप उतरते ती महिन्याला दोन-तीन टक्के. चार-पाच दिवसांत डोळ्यांना दिसेल इतकी उतरली तर कोणीतरी वीज खातंय.

विदर्भातलं_ऊन
मी स्वतः अनुभवलंय ते सांगतोय. तुम्ही उन्हाळ्यात नागपूरला येऊन बघा.

एडिसन_एनजे
माझ्याकडे टेस्ला आहे. सेंट्री मोड चालू असला की कॅमेरे आणि कॉम्प्युटर रात्रभर जागे राहतात, रोज बरेच टक्के जातात. घरी उभी असेल तेव्हा तो बंद ठेवा. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की तो आपोआपच बंद होतो.

सातारकर_८८
माझ्या गाडीत सेंट्री वगैरे काही नाही. डॅशकॅम आहे, पण तो दुकानातून बसवून घेतलाय, त्याचा गाडीच्या बॅटरीशी काय संबंध?

घाटवळण
सापडलं! डॅशकॅमच आहे. दुकानवाले वायर थेट फ्यूज बॉक्समध्ये घालतात, मग गाडी बंद केली तरी तो चालूच राहतो. माझ्या मेहुण्याच्या गाडीत हेच झालं होतं. उद्याच काढून टाका.

मल्टीमीटर
आधी आकडे येऊ देत, मग काढा. सातारकर, बॅटरी किती युनिटची आणि कधी किती टक्के होती ते लिहा.

सातारकर_८८
३० युनिटची. सोमवारी सकाळी ७८, शनिवारी सकाळी ७२. मधे मी कोल्हापूरला होतो, गाडी घरीच. दिवसातून बऱ्याचदा ऍप उघडून बघत होतो.

मल्टीमीटर
आता बोलता येईल. ३० युनिटचे ६ टक्के म्हणजे १.८ युनिट. पाच दिवस म्हणजे १२० तास. भागाकार केला तर सरासरी १५ वॅट, बारा व्होल्टला साधारण सव्वा अँपिअर. नीट झोपलेली, म्हणजे आतले कॉम्प्युटर बंद झालेली, गाडी ३० ते ५० मिलिअँपिअर घेते, म्हणजे जेमतेम अर्धा वॅट. डॅशकॅम पार्किंग मोडमध्ये असला तरी तीन ते पाच वॅट. म्हणजे तो एकटा १५ वॅट खाणार नाही. गाडी झोपतच नाहीये किंवा कोणीतरी तिला परत परत उठवतंय. तुम्ही ऍप उघडता तेव्हाही ती उठते.

घाटवळण
पाच वॅट काय कमी आहेत? मी अजूनही म्हणतो, डॅशकॅम.

चिपळूण_किनारा
मुळात टक्के खरे कशावरून? बॅटरी एलएफपी (लोह-फॉस्फेटवाली लिथियम) असेल तर व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे गाडीचा अंदाज चुकत जातो. एकदा पूर्ण शंभरपर्यंत चार्ज करा, आकडा जागेवर येईल.

अनुभवी_चालक
शंभर टक्के कधीही करू नये! ऐंशीच्या वर गेलात की बॅटरीची वाट लागते. सगळीकडे हेच सांगतात.

चिपळूण_किनारा
ते एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाल्या लिथियम) बॅटरीचं. एलएफपीच्या गाड्यांना टेस्ला स्वतः आठवड्यातून एकदा शंभर करायला सांगते. दोन्हींना एकच नियम लावू नका.

पुणे_सातारा_अपडाउन
पुण्याला जाताना खंबाटकी उतरल्यावर शिरवळच्या आसपास चार्जर बघून ठेवा. घाट चढताना टक्के भराभर जातात, उतरताना थोडे परत मिळतात. ११० किलोमीटरला ३० युनिट आरामात पुरतील.

सातारकर_८८
चार्जर मला माहीत आहेत हो. प्रश्न उभ्या गाडीचा आहे. आणि गाडी उघडली नाही त्या दिवशी ऍपवर ७० च्या वर टक्के होते, मग दार का उघडलं नाही?

मल्टीमीटर
हे आधी सांगायला हवं होतं! ती बारा व्होल्टची बॅटरी उतरली. मोठीत पुरेशी वीज आहे, पण तिचा कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारा मोठा स्विच, ओढायलाही लहानीच लागते. सतत जागी असलेली गाडी लहानीतून खाते, ती खाली गेली की मोठीतून भरून घेते, परत खाते. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला असं रोज खाली-वर सोसत नाही, ती लवकर खलास होते. म्हणून एकाच दुखण्याची दोन लक्षणं दिसतायत. किल्ली कुठे असते?

सातारकर_८८
घरातच. दाराशी स्टँडला टांगलेली. कोल्हापूरला जातानाही तिथेच होती, आईकडे असावी म्हणून.

मल्टीमीटर
आणि भिंतीपलीकडे पोर्च?

सातारकर_८८
हो, स्टँडच्या मागेच. बॉनेट भिंतीला जवळजवळ चिकटलेलं असतं.

ठाकुर्ली_लोकल
मग तेच! किल्ली खिशातून न काढता दार उघडणाऱ्या गाड्या जवळच्या किल्लीशी बोलत राहतात. किल्ली दोन मीटरच्या आत पडून राहिली तर काही गाड्या धड झोपतच नाहीत. आतल्या खोलीत ठेवा. लांब खोली नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, किल्ली आत टाका आणि डबा दाराच्या हँडलशी धरा. दार उघडलं तर डबा कुचकामी.

घाटवळण
किल्लीने १५ वॅट? अशक्य.

ठाकुर्ली_लोकल
किल्ली खात नाही, तिच्यामुळे जागा राहिलेला कॉम्प्युटर खातो.

मल्टीमीटर
भांडू नका, मोजू द्या. आज रात्री किल्ली लांब, डॅशकॅमचा प्लग काढलेला, ओबीडी पोर्टला (मेकॅनिक गाडीचे एरर वाचतात ते सॉकेट) काही लावलं असेल तर तेही काढा. ऍप अजिबात उघडू नका. सकाळी दार उघडण्याआधी लहान बॅटरीचं व्होल्टेज बघायचं असेल तर बॉनेट रात्रीच उघडं ठेवा आणि त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला बॉनेट लागलंय असं वाटेल. सकाळी लॅच परत सोडून मगच बॉनेट लावा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. केशरी वायरींना हात लावायचा नाही, त्या मोठ्या बॅटरीच्या हाय व्होल्टेजच्या असतात. करंट मोजायचा तर डीसी क्लॅम्प मीटर लागेल, इलेक्ट्रिशियनकडचा एसीवाला इथे चालत नाही.

सातारकर_८८
केलं. डॅशकॅम मुद्दाम तसाच ठेवला, फक्त किल्ली आतल्या खोलीत, लाडवांच्या डब्यात. ऍप नाही उघडलं. रविवारी रात्री ७१, बुधवारी सकाळी ७१. पण लहान बॅटरी ११.९ दाखवतेय.

ठाकुर्ली_लोकल
वा! म्हणजे गाडी झोपली.

घाटवळण
डॅशकॅमची वायर तरीही तपासून घ्या.

मल्टीमीटर
उत्तम. मोठीचा प्रश्न मिटला. लहानी मात्र आधीच थकली आहे. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट (भार टाकून तपासणी) करून घ्या, त्यात नापास झाली तर शुक्रवारच्या आत बदला. वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला ११.९ चा फोटो दाखवा, मग "नॉर्मल" म्हणणार नाहीत.

अनुभवी_चालक
बदलताच आहात तर लिथियमची टाका. हलकी असते, वर्षानुवर्षं टिकते.

चिपळूण_किनारा
नको. चार्जिंगचं व्होल्टेज लेड-ॲसिडच्या हिशोबाने ठरवलेलं असतं. कंपनीने मंजूर केलेली नसेल तर वॉरंटीही जाईल.

सातारकर_८८
दुकानदार एजीएम (ॲसिड जाळीत शोषून ठेवलेली लेड-ॲसिड) घ्या म्हणतोय, ती महाग आहे. जुन्या बॅटरीवर नुसतं १२ व्होल्ट ३५ एएच (अँपिअर-अवर) लिहिलंय. साधी चालेल का?

मल्टीमीटर
मूळची साधीच असेल तर साधी चालेल. ट्रेचं माप आणि प्लस टर्मिनल कुठल्या बाजूला आहे ते बघूनच घ्या, उलट्या बाजूची आली तर केबल पोचत नाही. जुनीचा वरून काढलेला फोटो टाका, सांगतो. आणि मेकॅनिकल किल्लीने दार उघडतं का ते आजच बघून ठेवा.